खेड्यातलं मत मोबाइल ठरवते म्हणणाऱ्यांना

वर्धेकर कास्तकार:
काल इथं एकानं लिहिलं की खेड्यातल्या माणसाला स्वतःचं मत नसते, व्हॉट्सअॅपवर जे येईल त्यालाच तो बटन दाबतो. वाचून डोकं तापलं. २०२४ पाहा. जूनमध्ये लोकसभेचा निकाल लागला, विदर्भातल्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीला. नोव्हेंबरात विधानसभेला ६२ पैकी बहुतेक महायुतीला. मोबाइल तेच, ग्रुप तेच. मधात काय झालं? लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार बायांच्या खात्यात आले. आणि लोकसभेचं म्हणाल तर आमच्या बाबांनी जन्मभराचा पक्ष सोडला तो अडत्याची हिशोबपट्टी पाहून. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,६०० आणि पट्टीवर त्याच्याही खाली. बाबांजवळ अजून बटनाचा फोन आहे.

अचलपूरवाला:
भाऊ, पट्टीनं मत ठरत असतं तर विधानसभेला उलटं व्हायला पाहिजे होतं. तेव्हा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात चार हजाराच्या आसपास. भाव आणखी पडला, तरी मतं सरकारकडं गेली. काहून? लोकसभेला ‘चारशे पार’ झाले तर संविधान बदलतील, हे आमच्या वस्तीत घरोघरी मोबाइलवर पोचलं होतं. विधानसभेला ‘बटेंगे तो कटेंगे’ तसंच पोचलं. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, तेही मोबाइलवरच्या अफवेवरून. माणूस मारायला लावते ते मत फिरवू शकत नाही का?

राळेगावकर:
सोयाबीनच्या भावाचं नाव काढलं म्हणून बोलतो. हमीभावाच्या सरकारी खरेदीत ओलाव्याची अट १२ टक्के होती, मतदानाच्या तोंडावर १५ केली. हे मले खरेदी केंद्रावाल्यानं नाही सांगितलं, ग्रुपवर आदेशाचा फोटो आला. तो घेऊन गेलो तर म्हणे, आमच्याकडं पत्र नाही. १४ ओलावा दाखवून माल वापस. पुढच्या खेपेला बारदानाच नाही, म्हणजे माल भरायला रिकामी पोतीच नाही. शेवटी व्यापाऱ्याले देऊन टाकला.

वर्धेकर कास्तकार:
घ्या! मोबाइलवर खरी बातमी आली, तरी तुमचं मत काट्यावरच ठरलं.

राळेगावकर:
मी मत कोणाले दिलं ते सांगितलंच नाही. तुम्ही काहून ठरवून राहिले? ओलाव्याचं बोला. व्यापाऱ्याचं मशीन वेगळं, केंद्राचं वेगळं, एकाच पोत्याचे दोन आकडे. त्यावर कोणता पक्ष बोलते?

अचलपूरवाला:
मशीन तपासायची मागणी करा ना मग. इथं विषय वेगळा आहे.

राळेगावकर:
ज्याचा माल वापस येते त्याचा विषय हाच आहे.

अंगणवाडीताई:
लाडक्या बहिणीचे फॉर्म आम्ही भरले, रात्री नेट सापडेल तेव्हा. मग एकीकडून मेसेज, ‘निवडणूक झाली की पैसे बंद.’ दुसरीकडून, ‘ते आले तर बंद करतील.’ बाया फोन घेऊन यायच्या, ‘ताई, हे खरं काय वं?’ मी बँकेचा मेसेज वाचून दाखवायची, पुढचं मला माहीत नाही म्हणायची. एकीनं सांगितलं, नवऱ्याला न विचारता पहिल्यांदा मत दिलं. तिला कोणत्या ग्रुपनं शिकवलं? तिचा तर स्वतःचा मोबाइलही नाही.

अचलपूरवाला:
ताई, तुमच्यावर भरवसा होता, ते मान्य. पण ‘पैसे बंद होतील काय’ हा प्रश्न बायांच्या डोक्यात कोणी घातला? मेसेजनंच ना? तुम्ही उत्तर द्यायच्या आधीच भीती बसली होती.

वर्धेकर कास्तकार:
एवढं मानतो की गावात कशावर बोलायचं ते मोबाइल ठरवते. त्याच्या पुढं नाही. आणि ‘खेड्यातल्याला मत नाही’ हे वाक्य मागं घ्या.

अचलपूरवाला:
ते मी लिहिलं नव्हतं. ज्यानं लिहिलं तो कालपासून इथं फिरकलाही नाही, त्याले म्हणा.

राळेगावकर:
तो येवो न येवो. कोणत्या केंद्रावर बारदाना आहे ते कोणाले माहीत असल तर टाका. खात्रीचं असल तरच.