घटस्फोटानंतर माणूस अधिक समाधानी होतो का?

प्रस्ताव : घटस्फोट म्हणजे आयुष्याची वाताहत, असे आपल्याकडे सर्रास गृहीत धरले जाते. ब्रिटनमध्ये त्याच कुटुंबांची वर्षानुवर्षे पाहणी करून जमवलेल्या माहितीवरून गार्डनर आणि ऑस्वाल्ड यांनी २००६ मध्ये दाखवले, की वेगळे झाल्यावर पुरुष आणि स्त्रिया दोघांचाही मानसिक ताण कालांतराने कमी होतो. मग ‘थोडे सोसा, संसार टिकवा’ हा सल्ला नेमका कोणाच्या भल्याचा?

प्रतिसाद १ : ठाम असहमती. जर्मनीतील अशाच दीर्घ पाहणीवर आधारित लुकास यांच्या २००५ च्या अभ्यासात समाधान घटस्फोटापूर्वीच घसरते, नंतर थोडे सावरते, परंतु सरासरीने पूर्वपदावर येत नाही, असे आढळले. सुटका झाली म्हणजे सुख मिळाले, असे होत नाही.

प्रतिसाद २ : त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष आपण गाळलात. पुढे घटस्फोट घेणारे लोक लग्नाआधीपासूनच इतरांपेक्षा कमी समाधानी होते, म्हणजे सगळे खापर घटस्फोटावर फोडता येत नाही. शिवाय तुलना सुखी संसाराशी का करावी? वेगळे होणाऱ्यांपुढचा पर्याय तोच बिघडलेला संसार असतो, आणि त्यात आणखी दहा वर्षे काढली असती तर काय झाले असते, हे या अभ्यासात कुठेच दिसत नाही.

प्रतिसाद १ : तर्क मान्य, पण युरोपातील सरासरी पुण्या-नाशिकच्या स्त्रीला लावणे मला धाडसाचे वाटते. हिंदू विवाह कायद्यानुसार तिला पोटगी मागता येते, मात्र संसारात उभ्या राहिलेल्या मालमत्तेत निम्मा वाटा आपोआप मिळत नाही. भाड्याचे घर पाहायला गेले की मालक आधी ‘मिस्टर काय करतात?’ असे विचारतात, आणि माहेरी परतलेल्या मुलीच्या वाट्याला बहुधा हॉलमधला दिवाण येतो.

प्रतिसाद ३ : हे दुःख घटस्फोटाचे की घरमालकाचे आणि माहेरचे? परस्पर संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत अपरिहार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच स्पष्ट केले, तर पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे २०२० मध्ये सांगितले. तरीही पोटगीची थकबाकी वसूल करताना बाईची दमछाक होते. समाधान मोजायचेच असेल, तर हातात स्वतःची मिळकत आणि डोक्यावर छप्पर असलेल्या स्त्रिया वेगळ्या काढून मोजा. माझ्या पाहण्यातल्या अशा बहुतेकींना परत जायचे नाही.