कॅम्पसाइटवरचा कचरा: वेगळा कसा ठेवायचा, टाकायचा कुठे? सल्ला हवाय

तंबूतली

पुढच्या महिन्यात आम्ही तीन कुटुंबं मिळून पाच रात्रींसाठी एका कॅम्पसाइटवर चाललोय. एक भाड्याची कॅरव्हॅन, दोन तंबू. मोठी सहा माणसं आणि चार मुलं. बाकी तयारी होत आलीय, पण कचऱ्यापाशी माझं घोडं अडलंय.

मागच्या वेळचं सांगते. शेवटच्या रात्री तिथली कचरापेटी तुडुंब भरली होती, म्हणून आम्ही तीन पिशव्यांना घट्ट गाठी मारून त्या पेटीला टेकवून ठेवल्या. सकाळी पाहिलं तर तिन्ही फाटलेल्या. डायपर, उष्टं, वेफर्सची पाकिटं गवतभर पसरलेली, आणि काही तर उतारावरून थेट ओढ्यापर्यंत गेलेली. आम्ही दोन तास वेचत होतो. धाकटीने विचारलं, "आई, हे सगळं आपलंच आहे का?" ते अजून मनातून जात नाही.

तर विचारायचं ते असं. पिशव्या किती न्यायच्या आणि वेगळं कसं करायचं? तिथे एकच पेटी असली तर? स्टोव्हचे रिकामे गॅस कॅन आणि सेल कुठे टाकायचे? शिवाय कॅरव्हॅनमधलं टॉयलेट आमच्यापैकी कुणीच कधी रिकामं केलेलं नाही, त्याबद्दल अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

रानवारा

मी दोन हंगाम एका कॅम्पसाइटवर देखभालीचं काम केलंय. रोज सकाळची पहिली फेरी कचरापेट्यांची असायची, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक फोन करा. वेबसाइटवर नुसतं "पुनर्वापराची सोय उपलब्ध" असं लिहिलेलं असतं, त्यावरून काही कळत नाही. नेमकं विचारा: पेट्या किती आणि कशाकशाच्या? ओला कचरा वेगळा घेता का? गाडी कोणत्या दिवशी येते? गॅसचे कॅन घेता का? गाडीचा दिवस मुद्दाम विचारा. तुम्ही निघालात तो बहुधा सुट्टीचा शेवटचा दिवस असणार आणि गाडी त्यानंतर येणार असेल. पेट्या ओसंडतात त्या नेमक्या त्याच रात्री. म्हणून शेवटच्या दिवसावर काही ठेवू नका, रोज सकाळी थोडं थोडं नेऊन टाका.

पेटी भरलेली दिसली तर पिशवी शेजारी ठेवायची नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको. दुसरी पेटी शोधा, कार्यालयात सांगा, नाहीतर गाडीत घालून घरी न्या. प्राण्याला एकदा तिथे खायला मिळालं की तो रोज येतो, आणि मग पुढच्या माणसाच्या तंबूतही शिरतो. झाकणाला कडी असेल तर ती आठवणीने लावा. कडी उघडी राहिलेली पेटी मी किती वेळा सकाळी आडवी पडलेली पाहिलीय.

आता वेगळं करण्याबद्दल. लोक मनापासून करतात, पण एका ठिकाणी चुकतं. सुक्याच्या पेटीत अर्धी भरलेली सॉसची बाटली किंवा खरकटी ताटली पडली की ती गळते, तिच्याखालचा सगळा कागद आणि पुठ्ठा भिजतो आणि तो अख्खा माल पुनर्वापरातून बाद होतो. बाटल्या-डबे लख्ख घासायची गरज नाही. भांडी धुतलेल्या पाण्यातच एकदा विसळून पालथे घातले तरी पुरे.

प्लास्टिकवरच्या त्रिकोणातल्या आकड्याने बरेच जण फसतात. तो आकडा 1988 पासून वापरात आलाय आणि तो फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं, 2 म्हणजे दुधाच्या किंवा शांपूच्या जाड बाटलीचं, 5 म्हणजे झाकणांचं आणि डब्यांचं. वस्तूवर त्रिकोण आहे म्हणून ती तिथे घेतातच असं अजिबात नाही. 1 आणि 2 बहुतेक ठिकाणी चालतात, बाकीचं पेटीवर लिहिलेलं वाचून ठरवा. वेफर्सची आतून चकचकीत पाकिटं जवळपास कुठेच घेत नाहीत, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात.

अॅल्युमिनियमचे डबे मात्र एकही फुकट घालवू नका. जुन्या डब्यापासून नवा करायला खनिजापासून करण्यापेक्षा सुमारे 95 टक्के कमी ऊर्जा लागते. फक्त पार सपाट चेपू नका. सगळा सुका कचरा एकत्र घेतात तिथे पुढे यंत्र आकार बघून निवड करतं, आणि चपटा डबा कागदात निघून जातो.

पाऊलवाट

रानवारा यांच्याशी सहमत. माझं म्हणणं एवढंच की अर्धा कचरा घरीच सोडून निघता येतं. निघायच्या आदल्या दिवशी खोकी, वेष्टनं, दुहेरी पिशव्या सगळं काढून टाकायचं आणि सामान घट्ट झाकणाच्या डब्यांत भरायचं. मुलांचा खाऊ छोट्या छोट्या पाकिटांऐवजी एका मोठ्या डब्यात. आम्ही हे करायला लागल्यापासून चार दिवसांची एकच पिशवी भरते, तीही अर्धी.

साइटवर: सुक्यासाठी एक मोठी पिशवी, ओल्यासाठी झाकणाची छोटी बादली, आणि सेल-बिल टाकायला एक लहान डबा. तीन पुरेत. जास्त केल्या की दुसऱ्या दिवशी कुणीच पाळत नाही. पिशवी रात्री तंबूबाहेर टांगून ठेवू नका, गाडीत ठेवा.

फळांची सालं झुडपात भिरकावणं हा कचराच. थंड किंवा कोरड्या जागी ती महिनोन्महिने तशीच पडून राहतात, आणि प्राण्यांना माणसाच्या खाण्याची चटक लागते ती वेगळीच.

साइट अगदी साधी असेल, नळ-संडास काहीच नसेल, तर भांड्यांचं पाणी गाळायचं, गाळ पिशवीत घालायचा आणि पाणी ओढ्यापासून निदान 60 मीटर लांब शिंपडायचं. साबणावर "विघटनशील" लिहिलेलं असलं तरी तो मातीत विरतो, वाहत्या पाण्यात नाही. शौचाचा खड्डाही पाण्यापासून तेवढाच लांब आणि 15 ते 20 सेंटिमीटर खोल. ओले वाइप्स त्यात पुरू नका, त्यांत बहुधा प्लास्टिकचे धागे असतात.

कंदील

कागद आणि पाकिटं शेकोटीत जाळली तर निम्मा प्रश्न मिटेल ना? आम्ही तर नेहमी तेच करतो.

रानवारा

@कंदील, ज्या साइटवर शेकोटीला परवानगी आहे तिथे कोरडा, साधा कागद ठीक. पाकिटं नाही. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि शेकोटीभोवती मुलंच सगळ्यात जवळ बसलेली असतात. चकचकीत थरातलं अॅल्युमिनियम जळून नाहीसं होत नाही. ते वितळतं साधारण 660 अंशांना, म्हणून जाळ कमी असेल तर काळे चुरगळे तुकडे उरतात, आणि जाळ जोरात असेल तर राखेत मण्यांसारखे गोळे. मी दर सोमवारी शेकोटीच्या खड्ड्यातून ते हाताने वेचायचो. काचेची बाटली तर तडकते, आणि तिचे तुकडे राखेत दिसतही नाहीत.

राखेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कचरापेटीला आग लागलेली मी दोनदा पाहिली. दोन्ही वेळा कारण एकच, "विझलेले" निखारे. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा, मगच उचला. वाळू किंवा माती लोटून झाकू नका, आतली धग तशीच राहते आणि कुणीतरी अनवाणी पाय त्यावर ठेवतं. एकदा वापरून टाकायच्या बार्बेक्यूच्या ट्रेलाही हेच लागू.

चाकावरचं घर

टॉयलेटचं मी सांगते, आठ वर्षं तेच करतेय. आधी घाबरू नका.

आत कॅसेट असते, म्हणजे चाकं आणि दांडी असलेली टाकी. गाडीच्या बाहेरच्या बाजूला छोटं दार असतं, तिथून ती ओढून काढायची. क्षमता साधारण 20 लिटरच्या आतबाहेर, म्हणजे भरली की वजन 20 किलोच्या आसपास. लाल दिवा लागेपर्यंत थांबू नका. दहा जणांत ती रोज रिकामी करावी लागेल. त्यापेक्षा दिवसा सगळ्यांनी साइटचंच स्वच्छतागृह वापरा आणि कॅसेट रात्रीपुरती ठेवा.

रिकामी करायची ती फक्त त्यासाठी केलेल्या जागी. रस्त्याकडेच्या गटारात नाही, सांडपाण्याच्या जाळीत नाही. जागा कुठे आहे ते पहिल्या दिवशी उजेडातच बघून ठेवा. नळी खाली वळवा, टोपण काढा, आणि ओतताना हवेचं बटण दाबून धरा. ते दाबलं नाही की आत हवा शिरत नाही, गचके बसतात आणि अंगावर उडतं. हातमोजे घाला. मग तिथल्याच नळाने दोनदा खळबळवून धुवा. तो नळ फक्त त्याच कामाचा असतो. त्यावर बाटली भरायची नाही, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाशी कॅसेट न्यायची नाही. हा एक नियम मुलांनाही समजावून ठेवा.

आता कॅसेटमध्ये घालायचा द्रव. त्याशिवाय वास आवरत नाही. निळ्या द्रवात पूर्वापार फॉर्माल्डिहाइड असतं, ते जंतू मारतं. साइटला सेप्टिक टँक असेल तर तिथलं सगळं काम जिवाणूंवरच चालतं, ते मेले की टँक तुंबतो. म्हणून अशा ठिकाणी फक्त हिरवा, फॉर्माल्डिहाइड नसलेला प्रकार चालतो. फोन कराल तेव्हा हेही विचारून घ्या. आणि टॉयलेटमध्ये पाण्यात विरघळणारा कागद सोडून काहीही टाकायचं नाही.

सिंकचं पाणी वेगळं असतं. त्याच्या नळीखाली बादली किंवा चाकांची टाकी लावा आणि रोज रिकामी करा, नाहीतर तिसऱ्या दिवशी कॅसेटपेक्षा तिचाच वास येईल.

तंबूतली

सगळ्यांचे मनापासून आभार. आजच फोन केला. पेट्या तीन: कागद-पुठ्ठा, बाटल्या-डबे आणि उरलेला. ओला कचरा वेगळा घेत नाहीत, म्हणजे बादली घरी परत आणावी लागणार, झाकणाची घेतलीय. गाडी आमच्या निघण्याच्या आदल्या सकाळी येते, म्हणून तोवरचं सगळं त्याच्या आधी टाकून यायचं ठरवलंय. द्रव हिरवाच हवा म्हणाले. पेट्यांवर कोण लक्ष ठेवणार यावर मुलांनी आधीच पाळ्या लावल्यात.

गॅसचे कॅन मात्र ते घेत नाहीत. त्याचं काय करू?

रानवारा

घरी परत आणा आणि धोकादायक कचरा किंवा धातू स्वीकारणाऱ्या केंद्रात द्या. कुठल्याही साध्या पेटीत नको. कचरागाडीत माल दाबला जातो, आत थोडा जरी गॅस उरलेला असला तरी भडका उडू शकतो, आणि गाडीवर माणसं असतात. लिथियमच्या बॅटऱ्यांचंही तेच. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून त्या पाऊलवाट यांनी सांगितलेल्या लहान डब्यात ठेवा. बटणाएवढे सेल लगेच टेपमध्ये गुंडाळून मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा, ते गिळले गेले तर फार गंभीर इजा होते.

तंबूतली

आणि कॅन खरंच रिकामा झालाय हे कळतं कसं? हलवून पाहिलं की मला नेहमी आत काहीतरी आहे असंच वाटतं.

पाऊलवाट

स्वयंपाकघरातला वजनकाटा. नवा कॅन आणलात की एकदा वजन करा आणि मार्करने त्यावरच लिहा. आत गॅस किती ग्रॅम आहे ते कॅनवर छापलेलं असतं, तेवढे वजा केले की रिकाम्या कॅनचं वजन मिळतं. साइटवर काटा नसेल तर पाण्याच्या बादलीत सोडून बघा, भरलेला खोल बुडतो आणि रिकामा उंच तरंगतो. आमच्या एका कॅनवर मुलाने मार्करने पाण्याच्या रेघा आखून ठेवल्यात, भरलेला, निम्मा, रिकामा. त्याच बनावटीचा आणि मापाचा नवा आणला की शेजारी धरून बघतो.