मदत हवी: हार्टची गोळी सुरू केली आणि लघवीत साखर आली, बंद ठेवू का?

सहकारनगरी: घाईत लिहितोय. बाबांना 'हार्टला जपायला' म्हणून नवी गोळी दिली. पंधरा दिवसांनी लघवी तपासली तर साखर +++. आधी कधीच नव्हती. बाबांनी परवापासून गोळी बंद केलीये. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येणार. बंद ठेवू की चालू? कृपया 'डॉक्टरांना विचारा' लिहू नका.

शंकासुर: कुठली गोळी? वय? शुगर किती वर्षं?

सहकारनगरी: वय ६६, शुगर १४ वर्षं. बाकी सगळं नॉर्मल. स्ट्रिप बाबांनी कुठेतरी टाकलीये, शोधतो.

मेथीदाणा: कसल्या गोळ्या घेताय! चमचाभर मेथ्या रात्री भिजवा, सकाळी अनशापोटी. सासऱ्यांची १८० ची १२० झाली.

शंकासुर: विचारलंय काय, सांगताय काय!

मेथीदाणा: तुम्हाला घरगुती उपायांची ॲलर्जी आहे, मागच्या धाग्यातच कळलं.

सहकारनगरी: भांडू नका हो. देवघराच्या खणात सापडली. एम्पाग्लिफ्लोझिन १०.

जुना केमिस्ट: मग +++ येणारच! ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते, तेच तिचं काम. आली नसती तर मी विचारलं असतं, घेतात ना नक्की? शुगर रक्तातली बघा. २०१५ च्या एम्पा-रेग अभ्यासात, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हिच्यामुळे हृदयविकाराचे मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट होणं कमी झालं. उलट्या-जुलाब किंवा कडक उपास असेल तर थांबवायला सांगतात. लघवीच्या जागी खाज सुटली तर लाजू नका, बुरशी होते. २०२५ मध्ये पेटंट संपल्यापासून स्वस्तही झालीये.

कोथरूडकाका: ग्लुकोमीटर कुठला चांगला? स्ट्रिपा परवडत नाहीत.

सहकारनगरी: धन्यवाद, म्हणजे चालू करतो. कोलेस्टेरॉलची पण गोळी दिलीये. एलडीएल ११२, रिपोर्टमध्ये नॉर्मल छापलंय. ती तरी कशाला?

जुना केमिस्ट: ते 'नॉर्मल' ज्यांना शुगर नाही त्यांच्यासाठी. इतकी जुनी शुगर असली की ७० च्या खाली ठेवायला सांगतात. बीपी किती?

सहकारनगरी: १४८/८६, पण पर्वती चढून आल्यावरचं. रोज जातात. हल्ली निम्म्या पायऱ्यांवर बसतात, घाम फुटतो, पण छातीत अजिबात दुखत नाही. म्हणजे हार्ट ठीक असणार ना?

शंकासुर: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून! जुन्या शुगरमध्ये नसा बोथट होतात, छातीत न दुखताही अटॅक येतो. माझ्या काकांना नुसता दम लागायचा, दोन ब्लॉकेज निघाले. सोमवार विसरा. आत्ता हॉस्पिटलला न्या. ईसीजी नॉर्मल आला तरी पायऱ्यांचं सांगा, म्हणजे पुढच्या तपासण्या करतील. पर्वती बंद.

पर्वतीप्रेमी: १०३ पायऱ्या आहेत, दम लागणारच. उगाच घाबरवू नका. मी चाळीस वर्षं चढतोय.

जुना केमिस्ट: तुम्ही निम्म्यावर घाम पुसत बसता का?

मेथीदाणा: मेथ्या चालू ठेवल्या तरी ईसीजी काढाच. हे मीही सांगते.

सहकारनगरी: बाबा म्हणतायत, चहा घेऊन बघू. आईने कप हातातून काढून घेतलाय. रिक्षा खाली उभी आहे, नंतर लिहितो.

कोथरूडकाका: ग्लुकोमीटरचं कुणी सांगेल का?