इंदूर: दोन महिन्यांचं भाडं थकलंय, मालक म्हणतो रविवारपर्यंत खोली सोडा

सुदामानगर_ब: दोन खोल्या, भाडं ८,५००. कमावत्याची नोकरी गेली, १७,००० देणं झालंय. डिपॉझिट एका महिन्याचं. ११ महिन्यांचा करार मार्चमध्येच संपला. मालक तोंडी सांगतो, खोली सोडा नाहीतर लाइट कापतो. दाद कुठे मागायची?

रामबागवाले: तोंडी सांगण्यावर खोली सोडू नका. करार संपला म्हणजे हक्क संपला असं नाही. मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मधलं कारण दाखवून, कोर्टाच्या हुकुमानेच घर खाली करवता येतं. थकबाकी हे त्यातलं एक कारण. पण लेखी मागणीची नोटीस हाती पडल्यापासून दोन महिन्यांत सगळी बाकी चुकती केली, तर ते कारण उरत नाही. जोर ‘सगळी’ या शब्दावर आहे. ५,००० देऊन निश्चिंत होतात, तिथेच लोक फसतात.

डिपॉझिट आपोआप वळतं होत नाही. मालकाकडून व्हॉट्सअॅपवर का होईना, ‘८,५०० भाड्यात धरले’ असं लिहून घ्या. बाकी हप्त्यांनी द्यायचं मालकाशी ठरवताना ‘अमुक तारखेला घर सोडतो’ अशा कागदावर मात्र सही नको.

कोर्ट_कचेरी: मालकाने घर खाली करायचा दावा दाखल केलाच तर त्याच कायद्याचं कलम १३ बघा. समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात बाकी कोर्टात भरायची, पुढे दर महिन्याचं भाडं त्यानंतरच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. मुदत चुकली तर कोर्ट बचाव रद्द करू शकतं. मुदतवाढ हवी असेल तर तारीख उलटायच्या आधी अर्ज द्या. अशी बाकी भरून घर वाचवायची सवलत एकदा घेतली आणि नंतर सलग तीन महिने थकवले तर दुसऱ्यांदा मिळत नाही.

लाइट-पाणी तोडलं तर भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज. कोणता अधिकारी हे काम बघतो ते मोती तबेल्याच्या कलेक्टर कचेरीत विचारा. सोबत बिल, जुन्या भाड्याचे यूपीआय तपशील, बंद मीटरचा फोटो. कुलूपच ठोकलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत ताबा परत मागता येतो.

मालवी_माणूस: पैशांचं: नोकरी सुटून महिना झाला असेल तर पीएफमधले ७५ टक्के निघतात. आधार, बँक खातं आणि यूएएनवरचं (पीएफचा कायमचा नंबर) नाव जुळत नसेल तर दावा फेटाळला जातो, ते आधी दुरुस्त करा. रेशन कार्ड दुसऱ्या गावचं असलं तरी आधार जोडलेलं असेल तर इथल्या दुकानात धान्य मिळतं. इथलंच असेल तर पात्रता पर्चीत (रेशनचं धान्य मिळायची चिठ्ठी) घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का बघा. माणशी ५ किलो, फुकट. लोन अॅपच्या नादी लागू नका, भाड्यापेक्षा तो हप्ता जड होतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर १५१०० वर फोन करा किंवा जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जा. बायका, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा.

सुदामानगर_ब: आणि मालकाने पैसे घेतलेच नाहीत तर?

कोर्ट_कचेरी: मनीऑर्डर करा, परत आली तर पोस्टाचा शेरा असलेली पावती जपून ठेवा. मग रक्कम भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे जमा करायचा अर्ज लगेच द्या. यूपीआय करताना ‘जूनचं भाडं’ असं महिन्याचं नाव लिहा, नाहीतर मालक ते उसने पैसे होते म्हणायला मोकळा.