'आश्रमात टाकणे' आणि सुधारगृह

शहापूर (बेळगाव) : एका कन्नड कागदाचं मराठी करतोय. त्यात 'महिळा निलय' (निराधार बायकांना ठेवायचं सरकारी घर) आलंय. सोबतच्यानं सरळ 'सुधारगृह' सुचवलं. मला आजी आठवली. "जास्ती केलीस तर आश्रमात टाकतो बघ," असं बहिणीला दटावायची. (आमच्याकडच्या बायका 'टाकतो'च म्हणतात.) हा आश्रम काही ऋषींचा नव्हे. अर्थ असा कधी फिरला?

निपाणी : 'सुधारगृह' नको. आगरकरांचा 'सुधारक' 1888 चा. त्यात सुधारायचा तो समाज. 'सुधारगृहा'त सुधारायची ती बाई! शब्द तोच, पण कर्म बदललं. त्याआधी 1863 मध्ये फुले दांपत्यानं पुण्यात काढलं ते 'बालहत्या प्रतिबंधक गृह'. या नावात बाईचा दोष कुठं दिसतो का बघा. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं नाहीतर ठेवून जावं. पंडिता रमाबाईंचं 1889 चं 'शारदा सदन'ही निर्मळ नाव. त्यांनीच 'पतित' म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी काढलेलं 'कृपासदन' म्हटलं की मात्र कृपा कुणावर, हा प्रश्न आलाच. कर्व्यांच्या 'अनाथ बालिकाश्रमा'त (1896) विधवा शिकायच्या. पुढं लोकांनी सगळ्याच आश्रमांना एका पोत्यात भरलं.

खानापूर : नावापेक्षा क्रियापद बघा की ओ. मुलीला शाळेत 'घालतात', दवाखान्यात 'ॲडमिट करतात', आश्रमात मात्र 'टाकतात'. नवऱ्यानं 'टाकलेली' यातलंच ते टाकणं. आणि सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला मुलगी देवदासी म्हणून 'सोडलेली' असते. कर्नाटकात ते सोडणं 1982 च्या कायद्यानं बंद केलं, बोलण्यातला शब्द काही गेला नाही. टाकलेली, सोडलेली, ठेवलेली : सगळी कर्मणी रूपं, कर्ता गायब.

निपाणी : मानलं. एक गंमत सांगतो. इथं सरकारची 'सांत्वन केंद्रं' आहेत, अडचणीतल्या बायकांसाठी. नवीन आलेले एक मराठी पाहुणे पाटी वाचून विचारतात, "कोण वारलं?" कन्नडात त्याचा अर्थ धीर देणं, आधार देणं. आपल्याकडं सांत्वनाला जायचं ते मयताच्या घरी.

शहापूर : मग मी 'महिला निवास' लिहितो. मूळ 'निलय' म्हणजे घरच. आणि वाक्य 'तिला दाखल केले' असं. कागदात कर्ता आहे का बघितलं : न्यायालय. 'न्यायालयाने तिला दाखल केले' असंच लिहितो.

खानापूर : चालतंय.