मदत हवी आहे: भर दुपारी हेडलाइट चालूच, लाइट सेन्सर गेला की बीसीएम (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला कंट्रोल मॉड्यूल)?

मंडळी, पेट्रोल हॅचबॅक आहे, हेडलाइटला ऑटो मोड. सेन्सर डॅशबोर्डवर, पुढच्या काचेलगत, काळ्या बटणाएवढा. पूर्वी बडोद्यात अलकापुरीच्या गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) शिरलं की दिवे लागायचे, बाहेर आल्यावर थोड्या वेळाने आपोआप विझायचे. आता दांडिया बाजारात रणरणत्या उन्हातही चालू. स्कूटरवाले बोटं उघडमीट करून खुणावतात. २०१७ नंतरच्या स्कूटरचे दिवे दिवसाही बंद होत नाहीत, ते सोडा. स्विच ऑफ केला की दिवे लगेच विझतात, म्हणजे रिले (दिव्यांचा विजेवर चालणारा स्विच) चिकटलेला नाही.

गॅरेजवाला म्हणतो बीसीएम बदला. एवढा महागडा भाग नुसत्या अंदाजावर बदलायचा?

मी मल्टिमीटर लावून पाहिलं. सेन्सरला दोनच वायर. कनेक्टर काढून चावी ऑन केली की वायरिंगच्या बाजूला दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट मिळतात. कनेक्टर जोडून मागून प्रोब घातले तर सकाळी, गाडी थंड असताना, सगळं व्यवस्थित: सेन्सरवर फडकं टाकलं की व्होल्टेज ५ कडे चढतं, काढलं की उजेडाने खाली येतं. डॅशबोर्ड तापला की मात्र लख्ख उन्हातही ५ वरच अडकतं आणि दिवे लागतात. म्हणजे बीसीएम बिचारा अंधार समजून आपलं काम करतोय, असं मला वाटतं. तापल्यावर सेन्सरच्या आतला जोड सुटत असावा, किंवा कनेक्टरची पिन सैल होत असावी. कनेक्टर हलवून फरक पडला नाही.

टॉर्च मारून बघा असं कुणी सांगण्याआधी: माझ्याकडे एलईडी टॉर्च आहे. त्यात इन्फ्रारेड जवळपास नसतो आणि साधा फोटोडायोड त्यालाच जास्त दाद देतो, त्यामुळे त्या चाचणीवर माझा भरवसा नाही. काचेवर फिल्म लावलेली नाही.

आता विचार असा आहे की दिवे लागलेले असताना कनेक्टर काढून वायरिंगच्या दोन पिनांमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. दिवे विझले तर बीसीएम आणि वायरिंग दोन्ही ठीक आहेत असं ठरेल. पण बीसीएमच्या आतला पुल-अप (सेन्सरच्या वायरला ५ व्होल्टकडे खेचणारा रेझिस्टर) किती ओहमचा आहे माहीत नाही. १ किलोओहमने व्होल्टेज पुरेसं उतरेल का? सर्किट डायग्राम हाताशी नसल्याने थेट तारेने शॉर्ट करायला धजत नाही. आणि नुसता सेन्सर हेअर ड्रायरने तापवून पाहिला तर प्लास्टिकला काही होईल का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. बडोद्यात सुटा सेन्सर कुठे मिळतो तेही कळवा, डीलर पूर्ण हार्नेससकट (वायरिंगच्या जुडग्यासकट) घ्या म्हणतोय.