स्वयंपाक सोपा, घासणं कमी: तुमच्या युक्त्या सांगा

रोजच्या रांधण्या-आवरण्यात ज्या युक्त्या खरंच टिकल्या त्या इथे लिहा. प्रमाणासकट लिहा आणि कुठे फसतं तेही सांगा. 'अंदाजाने घाला' चालणार नाही!

•

कुकरच्या झाकणावरचे डाळीचे पिवळे ओघळ. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवून ते पाणी ओता, नवं अडीच वाट्या पाणी आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलाने फेस बसतो. डाळ थेट कुकरमध्ये लावली तर पाण्यासकट निम्म्याच्या वर भरू नका. शिट्टी बसवल्यावर आच कमी. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच, कारण आंबटाने दाणा मऊ व्हायला फार वेळ लागतो.

•

वरच्यात भर. डाळ उतू गेली असेल तर शिट्टीखालची नळी धुऊन उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. ही तपासणी खरं तर दर वेळी करावी. आणि डबे लावताना तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाका, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही.

•

दूध तापवण्याआधी पातेलं पाण्याने विसळून, न पुसता त्यात दूध ओतायचं. तळाशी कमी धरतं. तरी करपलंच तर तळ बुडेल इतकं पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, दहा मिनिटं उकळी आणि गार होईपर्यंत तसंच ठेवा. मग लाकडी उलथन्याने खपली निघते. तारेच्या घासणीने चरे पडतात आणि पुढच्या वेळी दूध तिथेच धरतं.

•

सोड्याचा उपाय फक्त स्टीलला. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं, तिथे चिंचेचं पाणी उकळा. आणि सोड्यावर व्हिनेगर ओतून फसफसवण्याचे व्हिडिओ बघून भुलू नका. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. फेस दिसतो छान, एवढंच.

•

कणकेची परात, डोशाच्या पिठाचं भांडं, भाताचं पातेलं: तिन्हींना गार पाणी. कढत पाण्याने पिठातला स्टार्च शिजून खळ होते, घासणीच्या भोकांत बसते आणि घासणीच फेकावी लागते. परात आधी चमचाभर सुक्या पिठाने चोळून घ्या, गोळे सुटतात. ते कचऱ्यात टाका, सिंकमध्ये नको.

•

आलं-लसूण वाटण: पाव किलो सोललेला लसूण, दीडशे ग्रॅम आलं, एक चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल. पाणी अजिबात नको, पाण्याने लवकर आंबतं. आठवड्यापुरतं काचेच्या बाटलीत फ्रीजमध्ये, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून. गोठले की तुकडे डब्यात काढा, नाहीतर ट्रेला कायमचा वास. हिरवट झालं तर घाबरू नका, लसणातल्या गंधकयुक्त घटकांचा तो रंग आहे. मात्र तेलातला लसूण फ्रीजबाहेर ठेवू नका. हवा न मिळणाऱ्या त्या तेलाखाली बोटुलिझमचे (जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास येईलच असं नाही.

•

मिक्सरचं भांडं: वाटण काढल्यावर अर्धी वाटी पाणी घालून फिरवा आणि ते पाणी आमटीतच घाला. मग पाव भांडं पाणी, साबणाचे दोन थेंब, दहा सेकंद. जास्त साबण घातला तर फेस झाकणातून मोटरवर येतो. झाकणावरचे हळदीचे डाग घासत बसू नका. धुऊन ओलंच कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

•

फणस, केळफूल, कच्ची केळी: हाताला आणि विळीला आधी तेल. चीक पाण्यात विरघळत नाही. पात्याला लागलाच तर तेलात बुडवलेल्या कागदाने पुसा आणि मगच साबण. आधी पाणी लावलंत तर तो चिकट थर घासणीवर जातो आणि तिथून इतर भांड्यांवर. मिरच्या चिरतानाही तेलाचा हात बरा, तिखटपणा तेलात सुटतो, नुसत्या पाण्याने जात नाही.